निष्पत्तीचा रकाना

हर्षा नेवारेले राग येते तेव्हा ती ओरडत नाही. आवाज उलसा खाली जाते अन् एकेक शब्द फोडून ठेवल्यासारखा बाहेर पडते. खैरडोहच्या लोकाईले हे ठाऊक आहे. तिच्या बापानं, आनंदरावनं, पोरगी शाळेत असतानाच सांगून ठेवलं होतं, "ही हळू बोलाले लागली का समजा, आता आपलं काही खरं नाही."

खैरडोह म्हणजे खाप्याच्या पुढे, कन्हान नदीच्या वळणावरचं दोनशे उंबऱ्याचं गाव. तिथून वकिलीच्या कॉलेजात गेलेली ही पहिली पोट्टी. त्याच्यामागे काही मोठी गोष्ट नव्हती. बारावीच्या सुट्ट्यात आनंदरावले एका धुऱ्याच्या, म्हणजे वावराच्या बांधाच्या, भांडणात साक्षीचा समन्स आला. बाप एकटा कोर्टात जायले घाबरे, म्हणून ही संग गेली. तिथं एक काळ्या कोटातला वकील टेबलावर हात आपटून आपटून बोलून राहिला होता. वरती बसलेली न्यायाधीश बाई, असंल अठ्ठावीस-तीसची, चष्म्यावरून पाहून एवढंच म्हणाली, "खाली बसा." अन् तो बसला. एवढ्या मोठ्या पोटाचा माणूस, मुकाट्यानं बसला. बाईच्या दोन शब्दानं माणूस खाली बसते, हे हर्षानं गावात कधी पाह्यलं नव्हतं. परत येताना एसटीत दांडीले लटकून तिनं बापाले सांगतलं, "मले त्या खुर्चीवर बसाचं आहे."

"पहिले एसटीत तं जागा भेटू दे," आनंदराव म्हणे.

बीए झालं, प्रवेश परीक्षा झाली, अन् नागपूरचं एक कॉलेज भेटलं. इतवारीत भांड्याच्या दुकानावर एक खोली घेतली, सोनिकासंग. सोनिका भंडाऱ्याकडची, त्याच वर्गातली, तोंडानं फटकळ पण मनानं भित्री. सकाळी खाली हातठेल्यावर पितळी गुंड आपटले का दोघी उठत. अलार्म लावाचं काम नव्हतं.

पहिल्या वर्षी हर्षा कॉलेजातल्या नकली कोर्टाच्या स्पर्धेत गेली. तिथं दोघं बोलणारे असतात अन् एक मागे बसून कायदा शोधणारा, सगळं लिहून देणारा. हिच्या नशिबात मागची खुर्ची आली. "तुझा अभ्यास चांगला आहे," तिले सांगतलं गेलं, "पण बोलणं जरा गावाकडचं वाटतं." रात्रंदिवस एक करून हिनं लिहिलं, अन् पायल नावाची पोरगी ते पाठ करून बोलली अन् ढाल घेऊन आली. फोटोत हर्षा डाव्या कडेले अर्धी आहे. तिनं पुढच्या वर्षी त्या स्पर्धेचं नाव घेतलं नाही. ती गेली विधी सहाय्य कक्षात. म्हणजे गावोगाव शिबिर घेणं, लोकाईले कायदा सांगणं. तिथं तिचंच बोलणं कामी येऊन राहिलं होतं. शहरातल्या पोट्ट्या "महिलांनो, आपले अधिकार" म्हणून सुरू करत अन् बाया पदराआड हसत. हर्षा ओट्यावर बसून विचारे, "काय वं काकू, राशनचं काय झालं?" की बाया पिशवीतून कागद काढत.

तिसऱ्या वर्षी ती कक्षाची विद्यार्थी सचिव झाली. कक्षाचे प्रमुख होते प्राध्यापक बोकडे. गोड माणूस. सगळ्याले "बेटा" म्हणत. "हर्षा म्हणजे आपल्या कक्षाचा कणा आहे," असं ते पाहुण्याईसमोर सांगत, अन् कण्याले मग खुर्च्या उचलाले लावत.

शिबिराचं एक रजिस्टर असे. त्यात नाव, तक्रार, दिलेला सल्ला, आंगठा किंवा सही, अन् शेवटी निष्पत्तीचा रकाना. बोकडे सराचा एकच नियम होता, हा शेवटचा रकाना रिकामा नाही राहिला पाह्यजे. "तपासणीची कमिटी येते बेटा. रिकामा रकाना त्यांच्या डोळ्यात खुपतो." मग पोट्टे काय करत? परत येताना बसमध्येच तो रकाना भरत. पहिल्या ओळीत "समाधान झाले", अन् त्याच्या खाली पानभर दोन-दोन टिंबं. वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे. पानाखाली सही विद्यार्थी सचिवाची. सर कधी सही करत नसत. याच्यात काही वाईट आहे असं कोणालेच वाटत नव्हतं. हर्षालेही नाही. कक्षात आली तेव्हापासून ती हेच पाहून राहिली होती. जरनल भरतात तसा तो रकाना भरायचा.

नोव्हेंबरात शिबिर खैरडोहलेच ठेवलं. हर्षानंच सुचवलं होतं. आपल्या गावात आपल्या कॉलेजची बस येईल, याचा तिले माज होता, खोटं कायले बोला. शाळेच्या मैदानात मंडप टाकला. मंडप, माईक अन् खुर्च्या दिल्या महादेवराव पंचायत सदस्यानं. म्हणून बोकडे सरानं त्याले शाल दिली, नारळ दिला, अन् "असे समाजसेवक गावाला लाभले" म्हणून दहा मिनिटं बोलले. टेबलाजवळ पोह्याची पाकिटं होती. रजिस्टरात आंगठा दिला का पाकीट भेटे. त्यामुळं आंगठ्याले तोटा नव्हता.

त्या गर्दीत बायजाबाई आली. महादेवरावची विधवा भावजय, लेकरूबाळ नाही, साठीच्या आतली, आंगानं काटक. हर्षाच्या घराले लागून तिचं घर. लहानपणी हर्षा तिच्याच चुलीजवळ जास्त बसे, म्हणून तिले मोठीमाय म्हणे. बायजाबाईनं पोलक्यातून घडी केलेला कागद काढला.

"हर्षे, हे वाच वं. कोतवाल देऊन गेला. पाच दिवस झाले."

हर्षानं वाचला. फेरफाराची नोटीस होती. मयत भावाचं दोन एकर वावर आपल्या नावानं लावावं म्हणून महादेवरावनं अर्ज केला होता. कोणाची हरकत असंल तं पंधरा दिवसात लेखी द्यावी.

"मोठीमाय, तुमचा देर तुमचं वावर आपल्या नावानं करून राहिला."

"ते मलेही समजते. तो शाल घेऊन बसला आहे पाह्य तिथं, मांजरावानी. मी काय करू ते सांग."

"हरकत द्या लागते. लिहून."

"मंग लिही ना. शिकली कायच्यासाठी?"

हर्षानं रजिस्टर ओढलं. "वारस फेरफाराबाबत हरकत" असं तक्रारीच्या रकान्यात लिहिलं. बायजाबाईनं आंगठा दिला. तेवढ्यात सराची हाक आली, "हर्षा बेटा, ग्रुप फोटो! बॅनर धर!"

"मोठीमाय, मी पाहून घेते. तुम्ही काळजी नका करू," हर्षा म्हणाली अन् बॅनरचं टोक धराले पळाली.

बायजाबाईनं पोह्याचं पाकीट नाही घेतलं. तिच्या मनानं तिची हरकत लागली होती. वकील लोकाईनं मोठ्या वहीत लिहून घेतलं, आंगठा घेतला, अजून काय पाह्यजे?

हर्षाच्या मनात होतं का संध्याकाळी घरी बसून खरा अर्ज लिहू. पण बस चार वाजता निघाली अन् सर म्हणाले, सचिवच मागे राहिली तर पोरांची हजेरी कोण घेणार. बसमध्ये सोनिकानं, तीही कक्षातच होती, वरच्या ओळीत "समाधान झाले" लिहिलं, अन् रस्ता खराब होता म्हणून उरलेलं पान हर्षाकडे सरकवलं. हर्षानं एकतीस नावाच्या पुढे टिंबं मारली. अकरावं नाव बायजाबाईचं होतं. त्याच्यापुढेही मारली. पोट्टे गाणे म्हणून राहिले होते, हीही म्हणत होती. सोमवारपासून पेपर लागले, अन् ती विसरली. याले दुसरा शब्द नाही. विसरली.

जानेवारीच्या शेवटी एका दुपारी इतवारीतल्या जिन्यावर चपला वाजल्या. दारात बायजाबाई. हातात पिशवी, पाय धुळीनं भरलेले. गोळीबार चौकातून विचारत विचारत आली होती.

"बसा मोठीमाय, पाणी..."

"पानी राहू दे. हे काय लिहिलं तू?"

तिनं कागद टाकला. टाइप केलेला, कॉलेजच्या नावाचा शिबिर अहवाल. क्रमांक अकरा. बायजाबाई, वारस फेरफाराबाबत हरकत. निष्पत्ती: सामोपचाराने निकाली. अर्जदाराचे समाधान झाले. खाली झेरॉक्समध्ये काळा आंगठा अन् हर्षा नेवारेची सही. टिंबं टाइप करणाऱ्यानं दरेक ओळीत पूर्ण वाक्य करून टाकलं होतं.

अहवालाची प्रत आभार म्हणून महादेवरावले गेली होती. महादेवरावनं ती तलाठ्याच्या कचेरीत फेरफाराच्या अर्जाले जोडली. भावजयीची हरकत होती पण वकिलांसमोर मिटली, हा पाहा आंगठा. मुदतीत दुसरा कोणता कागद आला नव्हता. फेरफार मंजूर झाला. बायजाबाई वावरात गेली तं देरानं धुऱ्यावर उभं राहून सांगतलं, वहिनी, आता मले विचारून येत जा.

"मले म्हणे तूच तं मिटवलं. मी म्हटलं कधी बापा? तं हे दाखवलं. कचेरीतला बाबू म्हणते आंगठा तुमचाच ना? मी म्हटलं माहाच. तं हसले सगळे." बायजाबाईचा श्वास चढला होता. "त्यानं लुबाडलं असतं तं मले समजलं असतं वं. देर आहे, खाईनच. पन तू? तुयी शी-मूत काढली मी. तुले शिकोलं कायले? आंगठे घ्याले?"

सोनिका कोपऱ्यात उठून उभी राहिली. हर्षानं पिशवीतून फेरफार मंजुरीचा कागद काढला. तिनं तारीख पाह्यली. मंजुरीपासून अपिलाले साठ दिवस असतात. सत्तेचाळीस गेले होते.

दुसऱ्या दिवशी ती बोकडे सराच्या केबिनमध्ये उभी होती.

"सर, कॉलेजनं एक पत्र द्यावं. निष्पत्तीचा रकाना चुकीनं भरला गेला, प्रत्यक्षात काही मिटलं नव्हतं. एवढंच."

सरानं चहा खाली ठेवला. "बेटा, भावनेच्या भरात बोलू नकोस. या वर्षी आपण तीनशे बारा प्रकरणं निकाली दाखवली आहेत. एक खोटं म्हटलं तर बाकीची काय म्हणायची?"

"खोटीच म्हणायची, सर."

"दार लावून घे." दार लागल्यावर सराच्या तोंडातलं 'बेटा' गेलं. "सही कोणाची आहे? माझी आहे का? मी कुणाला खोटं लिही म्हटलं होतं? रकाना भरा म्हटलं होतं. तू कायद्याची विद्यार्थिनी, तिसऱ्या वर्षाची, तुला कळायला नको?"

खरंच होतं. तेच तं जळत होतं. या माणसानं इतक्या शिबिरात एकाही पानावर सही केली नव्हती, अन् हिले वाटे सर आपल्याले मान देऊन राहिले.

"त्या बाईला दिवाणी दावा टाकायला सांग," सर म्हणाले. "हक्क बुडत नाही असा."

"दाव्याचा निकाल तिच्या मरणानंतर लागंल, सर. तवरिक ती खाईल काय?"

"आणि तू शपथपत्र वगैरे द्यायच्या विचारात असशील, तर नीट ऐक. प्रात्यक्षिकाचे गुण माझ्याकडे आहेत, ते सोड. तुला जज व्हायचंय ना? उद्या चारित्र्य पडताळणी होईल. त्यात तुझ्याच हातचा कागद असेल, मी खोटी नोंद केली म्हणून. जन्मभर. कोणी बसवेल तुला त्या खुर्चीवर?"

हर्षाचा आवाज खाली गेला. "सर, तुम्ही शाल कोणाले दिली होती, आठवते?"

"निघ इथून," सर म्हणाले.

खोलीवर सोनिका वाट पाहून राहिली होती. सगळं ऐकून म्हणाली, "पागल झाली का बे? सर बरोबरच बोलले. अजून वकिलीची सनद भेटाची आहे, त्याच्यावर तीन वर्ष वकिली, मंग परीक्षा. आत्ताच आपल्या हातानं आपलं नाक कापतं का?"

"वरची ओळ तुयी आहे, सोनिका. तू पण दे शपथपत्र. दोन असले तं वजन पडंल."

सोनिकानं मान खाली घातली. "मायं नाव नको घेऊ हर्षा. घरी लग्नाचं चालू आहे. हात जोडते."

हर्षानं आपली वही ओढली. शिव्या आल्या होत्या तोंडात, गावच्या, चांगल्या. गिळल्या. त्या रात्रीपासून दोघी एकाच खोलीत राहत अन् मीठ-तिखटाशिवाय बोलत नसत.

शपथपत्र लिहाले बसली तं तिचा हात तीनदा थांबला. सोपी वाट होती ना. "नजरचुकीने" लिहिलं का काम भागते. नजरचुकीनं, अनवधानानं, घाईत. वकिलीच्या पुस्तकात असे मऊ शब्द पोतंभर आहेत. पण नजर चुकली नव्हती. नजर धड होती अन् टिंबं मारली होती. तिनं लिहिलं: सदर महिलेची हरकत मिटलेली नाही, हे मला माहीत असताना मी तो रकाना भरला. तिला विचारले नाही. सर्वच नोंदी अशाच भरल्या जात.

नोटरीनं वाचून तिच्याकडे पाह्यलं. "मॅडम, हे तुम्हाले कोणी लिहाले लावलं का?"

"नाही. मारा शिक्का."

अपिलाचा कागद घेऊन ती खैरडोहले गेली. बायजाबाईसमोर शाईची डबी ठेवली. बायजाबाईनं हात पदराखाली ओढून घेतला.

"नाई देत मी आंगठा. आता कोनालेच नाई."

हर्षाची माय, प्रेमिला, मधात पडली. "देऊन टाका ना वं बाई, पोरगी तुमच्यासाठीच..."

"तू चूप वं प्रेमिला. मायासाठी म्हनूनच तं वावर गेलं."

हर्षा खाली बसली अन् अपील पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवलं. मग शपथपत्र वाचलं. बायजाबाई मधात मधात थांबवे. "सदर म्हनजे?" "प्रतिवादी म्हनजे महादेवच ना? मंग महादेव लिही." दीड तास गेला. शेवटी ती म्हणाली, "हे तुयं, मी जानून लिहिलं म्हनून. हे कॉलेजवाल्याईनं वाचलं तं तुले काई करतीन का?"

"करतीन."

"करू दे. तुयी चूक हाय." अन् आंगठा दिला.

सुनावणी फेब्रुवारीच्या शेवटी लागली. उपविभागीय अधिकारी तरुण होते, समोर फायलीचा ढीग. महादेवरावनं वकील आणला होता. वकिलानं शपथपत्र हातात धरून झुलवलं.

"साहेब, या मुलीनं स्वतःच कबूल केलंय की ती खोटं लिहिते. मग आज ती खरं लिहिते कशावरून? नोव्हेंबरात खोटी, फेब्रुवारीत खरी?" त्याचे लोक हसले.

हर्षाले वकील म्हणून बोलायचा अधिकार नव्हता. अधिकाऱ्यानं विचारलं म्हणून ती बोलली. "साहेब, नोव्हेंबरात लिहिलं तेव्हा माहा फायदा होता. मार्क होते, पद होतं. आज लिहिलं त्यात सगळा तोटाच आहे. माणूस कोणतं खोटं लिहीन, तुम्हीच पाहा."

अधिकाऱ्यानं झेरॉक्स पुढे केली. "मूळ रजिस्टरमध्ये असंच वाक्य आहे?"

"नाही साहेब. मुळात टिंबं आहेत. चालत्या बसमध्ये मी मारलेली. एकतीस बायामाणसाईच्या पुढे तेच. कोणाचं नवरा मारते म्हणून होतं, कोणाचं रस्ता अडवला म्हणून. सगळ्याईचं समाधान एकाच बसमध्ये, अर्ध्या तासात झालं."

यावेळी कोणी हसलं नाही. अधिकाऱ्यानं बराच वेळ लिहिलं. फेरफाराले पुढच्या तारखेपर्यंत स्थगिती. कॉलेजानं या वर्षीच्या सर्व शिबिरांचं मूळ रजिस्टर हजर करावं.

बाहेर व्हरांड्यात महादेवराव आडवा आला. "काय पोरी, जज होनार होती ना तू? आपल्याच हातानं आपली पाटी पुसली. तुयापेक्षा माहा बैल शहाना."

"काका," हर्षा हळू म्हणाली, "पुढच्या तारखेले बैलालेच पाठवा मग. उलटतपासणी मी पाहते."

तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या फलकावर सूचना लागली. सचिवपद रद्द, शिस्तभंगाची चौकशी. प्रात्यक्षिकात शंभरपैकी बेचाळीस आले, नापास करता येत नव्हतं म्हणून. चारित्र्याच्या दाखल्याचं विचारलं तं कारकून म्हणाला, चौकशी होईपर्यंत नाही. पुढं काय होईल हे कोणालेच ठाऊक नाही. सनद अडू शकते. खुर्ची तं अजून दूरच आहे, कदाचित आहेच नाही. हर्षा याच्यावर रडली नाही असं नाही. पण रडणं आटोपल्यावर राग होता तिथंच होता.

स्थगितीच्या आदेशाची नक्कल घेऊन ती गावात आली तेव्हा बायजाबाई विळ्याले धार लावून राहिली होती.

"वावरात हरभरा उभा हाय," ती म्हणाली. "घाटे तडकाले लागले. सोंगू का नको? तो आडवा आला तं?"

"सोंगा. आला तं हा कागद दाखवा."

"कागद नको सांगू मले. तू चाल."

हर्षानं नक्कल घडी करून ओढणीले बांधली, मायचा विळा घेतला, अन् दोघी निघाल्या. उन्ह वर येऊन राहिलं होतं. महादेवराव धुऱ्यावर होता, मोबाइल कानाले लावून. त्यानं दोघीले पाह्यलं. हर्षा त्याच्यासमोरूनच धुरा ओलांडून आत गेली अन् हरभऱ्याच्या पहिल्या ओळीले विळा लावून बसली.